खुर्चीवरची पहिली पिढी आणि तिचे आरोग्य

चार वर्षांपूर्वी भीमजयंतीनिमित्त आमच्या वस्तीत रक्तदान शिबिर होते. दरवर्षी न चुकता रक्त देणाऱ्यांपैकी मी एक. त्या वर्षीही रांगेत उभा राहिलो. डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, थोडा वेळ बसवून पुन्हा मोजला आणि म्हणाल्या, "काका, तुमचं रक्त आज घेता येणार नाही. वरचा १६८ आहे, खालचा १०४. गोळ्या चालू आहेत ना?" गोळ्या कसल्या? मला तर काहीच होत नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, रोज वेळेवर कामावर जात होतो. माझे वय तेव्हा ४३ होते.

घरी येताना आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याची आठवण झाली. दोनच आठवड्यांपूर्वी, मार्चअखेरच्या घाईत, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास टेबलावरच त्यांची मान कलली. आपल्याला रक्तदाब आहे हे त्यांना ठाऊक होते. गोळ्या संपल्या होत्या आणि "एकदा क्लोजिंग होऊ दे, मग डॉक्टरकडे जातो," असे ते म्हणत होते. लकव्याने उजवी बाजू गेली. वीस-बावीस वर्षे ज्यांनी हजारो खातेदारांच्या सह्या पडताळल्या, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर डाव्या हाताची नवी सही नोंदवण्याचा फॉर्म मीच भरून घेतला.

मी काही डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील साधा लिपिक आहे. परंतु त्या दिवसानंतर या विषयावर जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि स्वतः आचरून पाहिले, ते आपल्या समाजातील नोकरदार, वकील, शिक्षक, ठेकेदार, दुकानदार आणि संगणक क्षेत्रातील तरुण बंधू-भगिनींपुढे ठेवावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे.

आपण खुर्चीवर कधी बसलो?

माझे आजोबा गावी दुसऱ्याच्या शेतात राबले. वडील परळच्या एका गिरणीत साचा चालवीत. आठ तासांची पाळी उभ्याने, या साच्याकडून त्या साच्याकडे फिरत. बसून पगार मिळवणारा आमच्या घरातील पहिला माणूस मी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी थोडीफार अशीच कथा असेल. शिक्षणाने आपल्याला खुर्ची दिली आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. तो असलाच पाहिजे.

परंतु एक गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. काम बदलले, पण ताट बदलले नाही. वडील गिरणीतून आल्यावर भाताचा जो डोंगर जेवत, तोच डोंगर मी दिवसभर बसून आल्यावर जेवत होतो. त्यांच्या घामावाटे मीठ जाई, माझे कुठे जाणार? शिवाय त्यांना न परवडणारे फरसाण, मिठाई, थंड पेये आणि दिवसाचे सहा कप साखरेचे चहा माझ्या वाट्याला आले. निवृत्त सहकारी सांगतात की, पूर्वी शाखेत एक नोंद पाहायची तर उठून जाडजूड लेजर काढावे लागे. आता सारे काही संगणकाच्या पडद्यावर येते. काम सोपे झाले, पण उठणे संपले.

लंडनच्या बसमधील दोन माणसे

बसून काम करण्याने शरीरावर काय परिणाम होतो, याचा पहिला मोठा पुरावा लंडनच्या दुमजली बसमध्ये मिळाला. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी तेथील बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बस एकच, हवा एकच, नोकरी देणारी संस्था एकच. फरक एवढाच की, ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढे-उतरे. ड्रायव्हरांच्या तुलनेत कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ज्यांना झटका आला त्यांच्यातही तो तितका जीवघेणा नव्हता. टपाल खात्यातही पायी व सायकलने हिंडणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित दिसले.

येथे कोणी शंका घेईल की, मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनाही ही शंका आली. म्हणून त्यांनी गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या आणि तसे त्यांनी १९५६ साली प्रामाणिकपणे प्रसिद्धही केले. परंतु पुढे अनेक देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला : शरीराची हालचाल हृदयाचे रक्षण करते. मॉरिस स्वतः वृद्धापकाळापर्यंत व्यायाम करीत राहिले आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

असे का होते? आपल्या मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू हे शरीरातील मोठे स्नायू आहेत. ते हलतात तेव्हा रक्तातील साखर ओढून घेतात आणि जळण म्हणून वापरतात. तासन् तास बसून राहिलो की हे गिऱ्हाईक बंद होते आणि साखर व चरबी रक्तात अधिक वेळ रेंगाळते. त्यातच रक्तदाब वाढलेला असेल तर रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू कडक व जाड होत जातात. ही झीज वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. दुखत नाही म्हणून आजार नाही, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे. माझीही हीच चूक झाली होती.

बारीक माणसालाही मधुमेह का होतो?

"मी कुठे जाडा आहे?" असे आपल्याकडे अनेक जण म्हणतात. याचे उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि आपले इंग्रज सहकारी प्रा. युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो तो दोघांचाही अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. म्हणजे काटा सारखा, कपडे सारखे, पण आतला हिशेब वेगळा.

याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती माता व त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. आई अर्धपोटी राहून राबली की गर्भातील बाळ कमी अन्नात जगण्याची तयारी करून जन्माला येते. पुढे त्याच मुलाला भरपूर अन्न आणि बैठे काम मिळाले, तर ते शरीराला पेलत नाही आणि मधुमेहाची शक्यता वाढते, अशी त्यांची मांडणी आहे.

हे वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. नऊ महिने भरत आले तरी ती निंदणीला जाई, आणि सर्वांना वाढून झाल्यावर तव्यावर काही उरले तर खाई. पिढ्यान् पिढ्या ज्या समाजाच्या आया अर्धपोटी राहिल्या, त्या समाजाच्या मुलांनी खुर्चीवर बसताना इतरांपेक्षा अधिक सावध राहिले पाहिजे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ओलांडू देऊ नये, असे भारतीयांसाठी सांगितले जाते. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला अधिक खरे सांगते.

जास्त तास म्हणजे जास्त काम काय?

आपण म्हणतो, "हे सगळे खरे, पण वेळ कोठे आहे?" उशिरापर्यंत बसणारा माणूस कष्टाळू, असा एक समज आहे. तो तपासून पाहू या.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांना रविवारीही राबवले जाई. उत्पादन वाढेल अशी अपेक्षा होती. तेव्हा नेमलेल्या समितीने नोंदी तपासल्या, तर तास कमी केल्यावर उत्पादन त्या प्रमाणात घटत नाही, काही ठिकाणी ते वाढतेच, असे दिसले. त्याच नोंदींचा जॉन पेनकॅव्हल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली पुन्हा अभ्यास केला. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात काम वाढते. त्यापुढच्या प्रत्येक तासाला मिळणारे काम कमी कमी होत जाते. बँकेत हे आम्ही रोज पाहतो. रात्री आठ वाजता न जुळलेला फरक सकाळी दहा मिनिटांत सापडतो. थकलेला डोळा तीच चूक दहा वेळा पाहून पुढे जातो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे जाहीर केले की, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, लकव्याचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

विश्रांती ही चैन नाही, तो हक्क आहे, हे आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली.

जयंतीला आपण सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. ते जरूर घ्यावेत. मीही त्यात बसलो आहे. परंतु त्यातून आपली मुले झोप मारणे म्हणजे मोठेपणा, असा अर्थ काढत असतील तर त्यांना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाबासाहेबांना मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत शरीर साथ देत नव्हते, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी अवघ्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांना उसंत मिळणे शक्य नव्हते, कारण सगळे ओझे एका माणसावर होते. आपल्यावर तसे ओझे नाही. ज्यांनी मजुरांचे तास कमी केले, त्यांच्या अनुयायांनी स्वतःच्या शरीराला मात्र वेठबिगारासारखे राबवावे, हे बरोबर नाही.

मग काय करावे?

मला डॉक्टरांनी जे सांगितले आणि मला नोकरी सांभाळून जमले, तेच येथे देतो.

१) मोजा. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीवरील व्यक्तींसाठी ही तपासणी होते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू घेऊ नये. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला असावा. १४० व ९० किंवा त्याहून अधिक आकडा पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांकडे जावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली तरीही तसेच. चालू केलेल्या गोळ्या "आता बरे वाटते" म्हणून आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. बरे वाटते ते गोळ्यांमुळेच.

२) उठा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. १५० मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो एकदम मिळत नसेल तर तुकड्यांनी घ्यावा. मी घरून स्टेशनपर्यंत रिक्षा सोडली, दहा मिनिटे झाली. दुपारच्या डब्यानंतर खुर्चीत पेंगण्याऐवजी शाखेबाहेर दहा मिनिटे चालतो, जेवणानंतर चालल्याने साखर एकदम चढत नाही. संध्याकाळी एक स्टॉप आधी उतरतो, आणखी दहा मिनिटे. लिफ्ट सोडून जिना, आणि अर्ध्या-पाऊण तासाने एकदा उठून पाणी. त्यासाठी मी पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवली आहे. छातीत दुखणे किंवा दम लागणे असा त्रास आधीच असेल, तर मात्र प्रथम डॉक्टरांना विचारावे.

३) ताट पाहा. मीठ दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी असावे. लोणचे, पापड, फरसाण, वेफर आणि खारवलेली सुकी मासळी यांतून ते नकळत जाते. भात-चपातीचा भाग कमी करून डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी यांचा भाग वाढवावा. चहा सोडवत नसेल तर साखर तरी सोडावी. मला तीन आठवडे कठीण गेले, नंतर गोड चहाच नकोसा वाटू लागला.

येथे कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आठवते. संयुत्तनिकायात ती आली आहे. द्रोणभर भात जेवून धापा टाकत राजा तथागतांकडे आला. तथागतांनी मात्रा जाणून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने काय केले? केवळ निश्चय केला नाही. सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्याचे काम दिले. हळूहळू राजाचे जेवण मोजके झाले आणि शरीर हलके झाले. राजालाही आठवण देणारा माणूस लागला, तर आपल्याला लागणारच. माझ्या घरी हे काम माझी धाकटी मुलगी करते, आणि राजाच्या सुदर्शनापेक्षा ती कडक आहे.

४) झोपा. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने रक्तदाब व भूक दोन्ही वाढतात आणि दुसऱ्या दिवशीच्या चुकाही. रात्री मोबाईल उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकाच खोलीत राहणाऱ्यांनी निदान हात पोहोचणार नाही इतका दूर ठेवावा.

५) तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी आणि दारू यांना 'टेन्शनवरचा उपाय' समजू नये. काम तेवढेच राहते, हृदयावरचा भार मात्र वाढतो.

६) लक्षणे ओळखा. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लकव्याची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत देता आले तरच उपयोगी पडते. म्हणून घरगुती उपचारात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठ्या रुग्णालयात न्यावे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर 'गॅस झाला' म्हणून सोडा घेत बसू नये.

भगिनींविषयी दोन शब्द

वरील सर्व सूचना नोकरी करणाऱ्या भगिनींना सांगताना मला संकोच वाटतो. सकाळी पाचला उठून डबे करणे, दिवसभर नोकरी, संध्याकाळी पुन्हा ओटा. तिने चालायला जायचे कधी आणि सात तास झोपायचे कधी? म्हणून हा प्रश्न तिच्या निश्चयाचा नसून घरातील कामाच्या वाटणीचा आहे. माझा रक्तदाब वाढला म्हणून घरात बिनमिठाची कोशिंबीर होऊ लागली, पण माझ्या पत्नीचा रक्तदाब आम्ही पुढे आठ महिने मोजलाच नव्हता. मोजला तेव्हा तोही वाढलेला निघाला. आता सकाळची भाजी मी चिरतो आणि भांडी मुलगा घासतो. तेवढ्या वेळात ती अर्धा तास बाहेर जाऊन येते.

शेवटी एक विनंती. रक्तदाब मोजण्याचे स्वयंचलित यंत्र फार महाग नसते. प्रत्येक विहारात असे एक यंत्र आणि एक वही ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर कोणी तरी तरुण कार्यकर्त्याने तेथे बसावे आणि येणाऱ्यांचे आकडे लिहून त्यांच्या हाती द्यावेत. आमच्या वस्तीत मागील वर्षापासून हे सुरू आहे. पहिल्याच रविवारी मोजलेल्या २६ जणांपैकी ९ जणांचा रक्तदाब वाढलेला होता, आणि त्यांतील ५ जणांना ते ठाऊकच नव्हते. ते पाचही जण आज गोळ्या घेतात आणि कामावर जातात.

माझा रक्तदाब आता १३० व ८४ च्या आसपास असतो. गोळी रोज एक घ्यावी लागते. माझे ज्येष्ठ सहकारी दर महिन्याला शाखेत येतात, डाव्या हाताने सही करतात आणि काऊंटरपलीकडून मला विचारतात, "आज मोजलास का रे?" वाचकांनीही आजच एकदा मोजून घ्यावा, एवढीच अपेक्षा.